ताइशान डोंगराबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न (सम्राटांचा डोंगर आजीचा कसा झाला)

मी दोन वर्षं चीनमध्ये जीनान शहरात नोकरीला होतो. तिथून ट्रेनने तासाभराच्या आत ताइशान, त्यामुळे दोनदा जाऊन आलो, एकदा रात्रभर पायऱ्या चढून आणि एकदा आईबाबा आले होते तेव्हा बस आणि केबल कारने. तेव्हापासून ओळखीतलं कुणी चीनला निघालं की मला तेच तेच प्रश्न येतात आणि मी प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. काही उत्तरं लांबलीत, जिथे मला मजा आली तिथे जास्तच.

ताइशान नेमका कुठे आणि केवढा आहे?

पूर्व चीनमध्ये शांदोंग प्रांतात. पायथ्याला ताइआन शहर, आणि उत्तरेला जीनान, म्हणजे प्रांताची राजधानी. सगळ्यात वरचं टोक म्हणजे जेड सम्राट शिखर, उंची साधारण 1,533 मीटर. हो, तेवढीच. बरेच जण इथेच म्हणतात की अरे मग आपलं कळसूबाई जास्त उंच आहे. आहेच. पण ताइशान सपाट मैदानातून एकदम उभा राहतो त्यामुळे खालून बघताना आहे त्यापेक्षा बराच मोठा वाटतो, आणि त्याचं महत्त्व उंचीवर कधी नव्हतंच. दगड मात्र खूप जुने, अडीच अब्ज वर्षांच्या आसपासचे.

मग एवढं कौतुक कशाचं?

चीनमध्ये पाच पवित्र डोंगर मानतात, चार दिशांचे चार आणि एक मधला. पश्चिमेला हुआशान, मध्ये सोंगशान, आणि उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या दोन्ही डोंगरांचं नाव आपल्याला ऐकू येतं एकच, हंगशान (लिहितात वेगळं, विमानाचं तिकीट काढताना नीट बघा). ताइशान पूर्वेचा. पूर्व म्हणजे सूर्य उगवतो ती बाजू, म्हणजे जन्म, सुरुवात, वसंत, म्हणून पाचांत पहिला मान ह्याचा. वर एका खडकावर तसं कोरूनच ठेवलंय, 'पाच डोंगरांत एकटाच श्रेष्ठ', 1907 सालचं आहे ते, आणि पाच युआनच्या नोटेच्या मागे ताइशानच्या चित्रात तेच दिसतं. फोटोसाठी तिथे जी लाइन लागते ती देवळात पण लागत नाही.

फंग-शान म्हणजे काय? सगळीकडे हा शब्द येतो.

दोन विधी आहेत. फंग म्हणजे डोंगराच्या माथ्यावर आकाशाला केलेली पूजा, आणि शान म्हणजे पायथ्याच्या एखाद्या छोट्या टेकडीवर पृथ्वीला केलेली पूजा. (हा शान आणि डोंगरवाला शान हे वेगळे शब्द, आपल्या कानाला सारखे लागतात एवढंच.) राजाने वर जाऊन आकाशाला रिपोर्ट द्यायचा, की तू मला राज्य दिलंस, मी ते नीट चालवलं, सगळीकडे शांतता आहे. दगडी नाहीतर जेडच्या पट्ट्यांवर मजकूर कोरून तो तिथेच पुरायचा.

गोची इथेच आहे. हा विधी कुणीही करून चालायचं नाही, ज्याच्या राज्यात खरंच सगळं आलबेल आहे त्यानेच करायचा. म्हणजे केला तर लोक विचारणार तुझी लायकी काय, आणि नाही केला तर मनात राहणार. इसवीसनपूर्व सातव्या शतकात छी राज्याच्या हुआन राजाला हा विधी करायची हौस आली होती, त्याच्या मंत्र्याने, ग्वान झोंगने, सरळ नाही म्हटलं नाही, यादी दिली. आधीच्या राजांच्या वेळी पूर्वेच्या समुद्रातून अमुक मासे आले होते, पश्चिमेकडून अमुक पक्षी आले होते, आपल्याकडे आलेत का? नाही ना, उलट रानात घुबडं वाढलीत. राजा गप्प बसला. बॉसला नाही कसं म्हणायचं ह्याचं ह्याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

किती सम्राटांनी हा विधी केला?

पुराणकथांमध्ये 72 राजे सांगतात, पण इतिहासात ताइशानवर पक्के सहा. चीनचा पहिला सम्राट छिन शिहुआंग (इ.स.पू. 219), हान वंशाचा वूदी (इ.स.पू. 110, आणि त्यानंतरही तो पुन्हा पुन्हा आला), हान ग्वांगवू (इ.स. 56), थांग गाओझोंग (666), थांग श्वानझोंग (725) आणि सोंग झनझोंग (1008). सव्वाबाराशे वर्षांत सहा जण. काही जणांनी तर मोह आवरला. थांग ताइझोंगसारख्या जबरदस्त राजाला 632 साली सगळे दरबारी जा म्हणत होते, एकट्या वेइ झंगने विरोध केला. त्याचं म्हणणं साधं होतं, देश आत्ता कुठे आजारातून उठतोय, एवढा लवाजमा रस्त्याने नेला तर वाटेतल्या गावांचं दिवाळं निघेल. आणि परदेशी पाहुणे बरोबर येणार, त्यांना आपली उजाड गावं दाखवायची का? ताइझोंग शेवटपर्यंत गेलाच नाही.

छिन शिहुआंग पावसात भिजला ती गोष्ट खरी का?

सिमा छियान नावाच्या इतिहासकाराने शंभरएक वर्षांनी लिहून ठेवलीय. शिहुआंगने सगळा चीन जिंकल्यावर स्थानिक कन्फ्यूशियन पंडित (म्हणजे कन्फ्यूशियस ह्या जुन्या चिनी तत्त्वज्ञाच्या परंपरेतले) बोलावले, 70 जण, आणि विचारलं की विधी कसा करतात. ते आपसात भांडायला लागले. कुणी म्हणालं रथाच्या चाकांना लव्हाळं गुंडाळा म्हणजे डोंगराच्या झाडामातीला लागणार नाही. राजा वैतागला, पंडितांना बाजूला ठेवलं, रस्ता करायला लावला आणि स्वतःला हवं तसं उरकलं. तेवढ्यात वादळ आलं आणि महाराज एका झाडाखाली उभे. झाडाने आसरा दिला म्हणून त्याने त्या झाडाला सरकारी पद देऊन टाकलं, 'वू दाफू', म्हणजे त्यांच्या वीस पायऱ्यांच्या मानाच्या यादीतली नववी पायरी. आता 'वू' म्हणजे पाच पण होतं, त्यामुळे पुढे लोकांनी समजूत करून घेतली की पाच झाडं होती. आज तिथे 'वू दाफू पाइन' म्हणून जी झाडं दाखवतात ती नंतर लावलेली. गाइड एकदम सिरियसली सांगतो, आपण मान डोलवायची.

बाजूला ठेवलेल्या पंडितांना वादळाची बातमी कळली तेव्हा ते मनसोक्त हसले, हे पण सिमा छियाननेच लिहिलंय.

शिहुआंगच्या आणि त्याच्या मुलाच्या नावाचा जो शिलालेख होता त्यातली आता फक्त दहा अक्षरं उरलीत, त्यातली तीन अर्धवट. पायथ्याच्या देवळात काचेमागे ठेवलीत. सगळ्या जगाचे मालक म्हणवणाऱ्या बापलेकांची दहा अक्षरं.

हान वूदीने वर जाऊन काय केलं?

कुणालाच माहीत नाही, आणि त्याला तेच हवं होतं. तो शेवटचा टप्पा फक्त एका तरुण सेवकाला घेऊन चढला, पट्टीवर काय लिहिलं ते गुपित ठेवलं. बहुतेकांचा अंदाज हाच की अमर व्हायचं बघत होता, त्याच्याभोवती तेव्हा अमरत्व विकणाऱ्या बुवांची गर्दीच होती. तो सेवक थोड्याच दिवसांत अचानक वारला, एका दिवसाच्या आजारात. ह्यावर लोकांनी तेव्हाही काय काय बोललं असेल. विधीच्या नावावरून वूदीने वर्षगणनेचं नाव पण बदललं.

ह्याच यात्रेतली मला जास्त लागलेली गोष्ट वेगळी आहे. सिमा थान, म्हणजे सिमा छियानचा बाप, दरबारी इतिहासकार आणि ज्योतिषी. आयुष्यभर ज्याची तयारी केली तो विधी होणार आणि ह्याला वाटेतच मागे ठेवलं. तो त्याच धक्क्याने आजारी पडला आणि मेला. मरताना मुलाचा हात धरून रडला, म्हणाला शेकडो वर्षांतून एकदा हे होतंय आणि मी तिथे नाही, हे माझं नशीब, तू माझं काम पुरं कर. चीनचा सगळ्यात मोठा इतिहास त्या मुलाने पुढे लिहिला तो असा, ट्रिपमधून वगळलेल्या बापाच्या शब्दाखातर. 'काही मरणं ताइशानहून जड असतात, काही पिसाहून हलकी' हे सिमा छियानचंच वाक्य, आणि 1944 साली माओने एका साध्या सैनिकाच्या शोकसभेत तेच वापरलं, त्यामुळे चीनमध्ये शाळकरी पोरांना पण पाठ असतं.

बायकांना ह्या विधीत जागा होती का?

666 पर्यंत अजिबात नाही. तेव्हा राणी होती वू झतियान, आणि तिने अगदी वकिली मुद्दा काढला. म्हणाली, पायथ्याच्या पृथ्वीपूजेत आधीच्या राण्यांच्या आत्म्यांना मान देतात, मग त्यांच्यापुढे पुरुष अधिकारी सेवा करणार हे शोभतं का? ते काम राणीने आणि अंतःपुरातल्या बायकांनी केलं पाहिजे. नवऱ्याला, म्हणजे गाओझोंगला, पटलं (किंवा पटवून घ्यावं लागलं). भरजरी पडदे धरून बायका विधीला उभ्या राहिल्या आणि अधिकारी लांबून बघून तोंडातल्या तोंडात हसत होते, तशी नोंद आहे. हसले खरे, पण पुढे हीच बाई स्वतःच्या नावावर सम्राट झाली, चीनच्या इतिहासात अशी एकटीच, आणि 696 साली तिने स्वतःचा फंग-शान केला, ताइशानवर नाही, सोंगशानवर.

666 च्या ह्या यात्रेत परदेशी पाहुण्यांची जी यादी आहे तिच्यात जपान, कोरियातली राज्यं, इराण ह्यांच्याबरोबर थ्येनझू म्हणजे भारताचं पण नाव आहे. म्हणजे आपल्याकडचं कुणीतरी तेराशे वर्षांपूर्वी त्या थंडीत तिथे कुडकुडत उभं होतं.

चिनी लोक सासऱ्याला 'ताइशान' म्हणतात हे खरं?

शंभर टक्के. गोष्ट 725 सालची सांगतात. श्वानझोंगच्या फंग-शानची सगळी व्यवस्था झांग युए नावाच्या प्रधानाकडे होती. विधीनंतर सगळ्यांना एकेक प्रमोशन मिळायचं, पण झांग युएचा जावई नवव्या श्रेणीतून उडी मारून पाचव्या श्रेणीत, आणि अंगावर नवा लाल झगा. मेजवानीत सम्राटाचं लक्ष गेलं, विचारलं तू एवढा वर कसा आलास, जावयाला काही बोलता येईना, तेव्हा दरबारातला विदूषक म्हणाला, 'ही सगळी ताइशानची ताकद, महाराज.' तेव्हापासून सासरा म्हणजे ताइशान. सासूला पण त्याच चालीवर 'ताइश्वेइ' म्हणतात, श्वेइ म्हणजे पाणी. माझ्या ऑफिसातला एक सहकारी सोमवारी सकाळी 'ताइशानला जाऊन आलो' म्हणून चेहरा पाडून बसायचा आणि मी बरेच महिने त्याला ट्रेकर समजत होतो.

श्वानझोंग ह्या बाबतीत मात्र मोकळा माणूस. त्याने विचारलं आधीच्यांनी मजकूर लपवला का, उत्तर आलं की ते स्वतःसाठी अमरत्व मागत होते, तर हा म्हणाला मी लोकांसाठी मागतोय, माझं काही लपवायचं नाही. आणि माथ्याजवळच्या कड्यावर 13 मीटर उंचीचा लेखच कोरून टाकला, हजारभर अक्षरांचा, आता सोनेरी रंग दिलेला. लपवायचं नाही म्हणजे किती नाही.

1008 नंतर हा विधी कुणीच का केला नाही?

कारण शेवटच्याने सगळ्याची लाज काढली. सोंग झनझोंगने 1005 साली उत्तरेच्या लियाओ राज्याशी तह केला, दरवर्षी एक लाख तोळे चांदी आणि दोन लाख तागे रेशीम द्यायचं (चिनी तोळा आपल्या तोळ्याहून बराच जड हं). तसा तह वाईट नव्हता, युद्धापेक्षा स्वस्तच, पण एका दरबाऱ्याने कान भरले की ही नामुष्की आहे आणि ती धुवायला फंग-शान करा. त्यासाठी दैवी शकुन हवा. मग 1008 च्या सुरुवातीला राजवाड्याच्या दाराच्या छपरावर पिवळ्या रेशमात गुंडाळलेलं 'आकाशाचं पत्र' सापडलं. प्रधान वांग दान विरोध करेल अशी भीती होती, तर राजाने त्याला जेवायला बोलावून दारूचा बुधला भेट दिला, घरी जाऊन उघडला तर आत मोती. प्रधान गप्प. एक सुन शि नावाचा पंडित तेवढा तोंडावर बोलला की आकाश बोलत नाही असं आपणच शिकलो, मग ते पत्र कुठून लिहिणार?

विधी धूमधडाक्यात झाला. पण झनझोंग मेल्यावर ती पत्रं त्याच्याबरोबरच पुरून टाकली, आणि पुढच्या एकाही सम्राटाला ह्या लाइनमध्ये आपलं नाव लावायची इच्छा झाली नाही. मिंग वंशाच्या पहिल्या राजाने तर 1370 साली डोंगराला दिलेल्या राजा, सम्राट वगैरे सगळ्या पदव्या काढून घेतल्या. त्याचा हिशेब असा की माणसाने डोंगराला पदवी द्यायची म्हणजे काय.

मग आता तिथे मुख्य देव कोण?

आता येते ती ज्यासाठी मी हे सगळं लिहितोय ती. पायथ्याच्या भल्यामोठ्या देवळात, दाई मियाओत, डोंगराचा अधिकृत देव बसतो, पूर्व शिखराचा सम्राट. (दाई हे डोंगराचंच जुनं नाव. आपल्या सुईणीशी काही संबंध नाही, पण पुढचं वाचल्यावर तुम्हालाही गंमत वाटेल.) आतल्या मागच्या आणि बाजूच्या भिंतींवर त्याच्या मिरवणुकीचं साठ-बासष्ट मीटर लांबीचं चित्र आहे, सगळा थाट सम्राटाचा. पण लोक तिथे नमस्कार करून पुढे सरकतात. लोकांना जायचं असतं वर, माथ्याजवळच्या देवळात, तिथे बीश्या युआनच्युन. नावाचा अर्थ साधारण 'पहाटेच्या निळ्या-गुलाबी ढगांची देवी', पण हे नाव पुस्तकातलं. कुणी वापरत नाही. सगळे म्हणतात ताइशान नाइनाइ, ताइशानची आजी.

गंमत बघा, ती पुढे आली त्याच 1008 च्या तमाशातून. माथ्यावरच्या एका तळ्यात दगडी स्त्रीमूर्ती होती, मोडलेली, झनझोंगने तिच्या जागी जेडची बसवली. म्हणजे राजा स्वतःचं नाव करायला आला आणि बाजूला, हात धुता धुता, एका देवीची सोय करून गेला. त्याचं नाव बुडालं, तिचं वाढत गेलं. मिंग काळापर्यंत तर यात्रेला एवढी गर्दी की सरकारने 1516 पासून भाविकांवर 'उदबत्ती कर' लावला, तो 1735 पर्यंत चालला. पंडितांना हे आवडायचं नाही, कोण कुठली देवी, शास्त्रात नाव नाही, पण तिजोरीत पैसा येत होता.

आजीकडे मागतात काय? मूल मुख्य. शिवाय डोळे बरे कर, सून नीट वागू दे, आईचं आजारपण जाऊ दे. आमच्या रात्रीच्या चढाईत मध्यावर एक म्हातारी भेटली, सत्तरीच्या पुढची नक्की, बरोबर अजून तिघीचौघी, पाठीला कापडी पिशव्या, पिशवीतून उदबत्त्यांची टोकं बाहेर. मी धापा टाकत कठड्याला टेकलो होतो. ती थांबली, वाटेवरचा एक छोटा दगड उचलला आणि पाइनच्या फांदीच्या बेचक्यात ठेवला, आधीच तिथे पाचसहा दगड होते. मी माझ्या सोबत्याला विचारलं हे काय, तो म्हणाला 'फांदीवर वजन ठेवणं' आणि 'मूल पक्कं होणं' हे उच्चाराला जवळ जातं म्हणून नातवंडासाठी ठेवतात. तिने माझ्याकडे बघून काहीतरी म्हटलं आणि सगळ्या हसल्या. सोबत्याने भाषांतर केलं, 'ह्याला सांग, बसलास तर उठणार नाहीस.'

वरचं देऊळ वाऱ्यामुळे मजबूत केलंय, मुख्य सभागृहाची कौलं काशाची आणि बाजूच्यांची लोखंडाची. साधी कौलं तिथे टिकणारच नाहीत.

मेल्यावर माणूस ताइशानला जातो असं मानतात का?

मानायचे, हानकाळापासून. पूर्वेला जन्म आहे तर मरणाचा हिशेब पण तिथेच असणार, असं लॉजिक. डोंगराच्या देवाकडे आयुष्याची वही. बीजिंगमध्ये ह्याच देवाचं एक मोठं देऊळ आहे त्यात परलोकाची 76 खाती आहेत, प्रत्येक खात्याला वेगळा अधिकारी, अगदी सरकारी ऑफिस. मेल्यावर पण टोकन घेऊन बसायचं.

इथे भारताचा खरा संबंध येतो. तिसऱ्या शतकाच्या सुमारास बौद्ध ग्रंथ चिनीत आणताना 'नरक' ह्या शब्दाला काय म्हणायचं हा प्रश्न होता, तर काही भाषांतरकारांनी सरळ 'ताइशानचा तुरुंग' असं लिहिलं, कारण वाचणाऱ्याला लगेच कळायचं. पुढे आपला यम तिकडे यानलुओ होऊन गेला, नरकाचे दहा राजे झाले, यम त्यात पाचवा आणि ताइशानचा राजा सातवा. डोंगराच्या देवाला भारतीय कलीग मिळाले म्हणायचं.

डोंगर ताओवादी आहे, बौद्ध आहे की कन्फ्यूशियन?

हा प्रश्न तिथल्या माणसाला विचारला तर तो तुमच्याकडे बघत बसेल. वर आजी, ती ताओ परंपरेतली, म्हणजे चीनच्या स्वतःच्या जुन्या धर्मातली. शिखराजवळ कन्फ्यूशियसचं देऊळ, कारण त्याच्या परंपरेतल्या नंतरच्या तत्त्वज्ञाने, मेन्शियसने, लिहिलंय की कन्फ्यूशियस ताइशानवर चढला तेव्हा त्याला सगळं जग लहान वाटलं. वाटेत एका ओढ्याच्या सपाट खडकावर वज्रच्छेदिका सूत्र हा बौद्ध ग्रंथ कोरलाय, सहाव्या शतकात, एकेक अक्षर हातभर. मुळात पावणेतीन हजारांच्या आसपास अक्षरं होती, पाण्याने झिजून हजारभर राहिलीत. पाऊस पडून गेला की त्याच्यावरून पाणी वाहतं आणि अक्षरं काळी होऊन नीट दिसायला लागतात. मूळ संस्कृत ग्रंथ, आणि इथे उघड्यावर, पाण्याखाली. मेन वाटेपासून थोडं आत जावं लागतं म्हणून ग्रुप टूरवाले टाळतात, तुम्ही टाळू नका.

डोंगराच्या वायव्येला लिंगयान मंदिर आहे, तिथे 40 अर्हतांच्या (मुक्ती मिळालेल्या बौद्ध भिक्षूंच्या) रंगीत मातीच्या मूर्ती, बऱ्याचशा सोंगकाळातल्या, आणि प्रत्येकाचा चेहरा वेगळा, कुणी वाद घालतोय, कुणी झगा शिवतोय.

दगडांवर एवढं काय काय लिहून ठेवलंय?

कोरीव लेखच हजाराच्या वर, शिवाय आठशेच्या वर उभे शिलालेख. प्रत्येक राजाने, अधिकाऱ्याने, कवीने हात साफ करून घेतलाय. अठराव्या शतकातला छियानलोंग सम्राट तर पुन्हा पुन्हा आला आणि दर वेळी कविता. माथ्यावर मात्र एक सुमारे सहा मीटरचा दगड आहे ज्यावर एक अक्षर नाही. तो हान वूदीचा मानतात. माझ्या मते अख्ख्या डोंगरावर सगळ्यात शहाणा दगड.

एक कोडं पण आहे, 1899 सालचं. फक्त दोन अक्षरं, वाचायला गेलं तर 'किडा दोन', काही अर्थच नाही. खुबी अशी की 'वारा' आणि 'चंद्र' ह्या दोन चिनी अक्षरांच्या बाहेरच्या कडा काढून टाकल्या की आत हेच उरतं. कडा नाही म्हणजे सीमा नाही. वारा आणि चंद्र, सीमा नसलेले, म्हणजे इथलं सौंदर्य अफाट. सोबत्याने मला हे बोटाने धुळीत लिहून दाखवलं, तोंडी सांगून कळलंच नसतं.

थांगकाळातला मोठा कवी दू फू, त्याची ताइशानवरची कविता सगळ्यांना पाठ असते, एक दिवस शेवटपर्यंत चढेन आणि सगळे डोंगर लहान दिसतील अशा अर्थाची. कविता खालून बघून लिहिलेली आहे, एवढंच सांगतो.

चिनी घरांच्या कोपऱ्यावर 'ताइशान' लिहिलेला दगड असतो तो काय?

'शि गानदांग', साधारण अर्थ 'दगड, कुणाशीही भिडणारा'. रस्ता सरळ तुमच्या घरावर येऊन आदळत असेल तर वाईट शक्ती पण सरळ येणार, म्हणून तिथे हा दगड. दक्षिण चीन, तैवान, अगदी जपानच्या ओकिनावापर्यंत दिसतो.

परकी राजवट आली तेव्हा डोंगराचं काय केलं?

छिंग राजे मांचू, म्हणजे ईशान्येकडून आलेले. त्यांनी फंग-शान केला नाही पण डोंगर सोडला पण नाही. कांगशी सम्राट 1684 मध्ये वर गेला, आणि त्याने एक निबंध लिहिला की ताइशानची डोंगररांग मुळात चांगबाइ पर्वतातून निघते, समुद्राखालून जाते आणि शांदोंगमध्ये वर येते. चांगबाइ म्हणजे मांचूंचं मूळ स्थान. थोडक्यात, तुमचा सगळ्यात पवित्र डोंगर आमच्या डोंगराचं पोर. भूगोलाच्या नावाखाली एवढं सफाईदार राजकारण क्वचित बघायला मिळतं.

विसाव्या शतकात काय झालं?

बरंच वाईट, आणि थोडं विचित्र. 1928 मध्ये अंधश्रद्धा हटवायच्या नावाखाली दाई मियाओचा बाजार करून टाकला, देवळात दुकानं. 1931 साली मा होंगक्वेइ नावाच्या सेनापतीच्या माणसांना पायथ्याच्या टेकडीत दोन जेडच्या पोथ्या सापडल्या, एक श्वानझोंगची 725 ची, एक झनझोंगची 1008 ची. पृथ्वीसाठी पुरलेला मजकूर, सेनापतीने खिशात घातला, पुढे अमेरिकेला नेला, आणि तो वारल्यावर 1971 मध्ये त्याच्या बायकोने तैपेईच्या राजवाडा संग्रहालयाला दिला. म्हणजे ताइशानचं हे पत्र आता तैवानमध्ये. ह्यावर दोन्हीकडचे काय म्हणतात ते विचारू नका, जेवण लांबतं.

फंग यूश्यांग हा दुसरा सेनापती, 'ख्रिस्ती जनरल' म्हणून प्रसिद्ध, 1932 ते 35 मध्ये सत्ता गेल्यावर इथे एका बौद्ध मठात येऊन राहिला, गरीब पोरांसाठी शाळा काढल्या, 1948 मध्ये काळ्या समुद्रात बोटीला आग लागून गेला, आणि 1953 मध्ये त्याला पायथ्याशीच पुरलं. ख्रिस्ती जनरल, बौद्ध मठात, ताओ डोंगरावर. माओच्या सांस्कृतिक क्रांतीत (1966 ते 76) डोंगराला देव म्हणायची सोय नव्हती, तरी क्रांतीच्या ऑपेरात शूर सैनिक 'ताइशानच्या माथ्यावरच्या पाइनसारखा' ताठ उभा राहायचाच.

1987 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला, संस्कृती आणि निसर्ग दोन्हींसाठी.

हा कैलाससारखा आहे का?

उलट आहे. कैलासावर कुणी चढत नाही, भोवती फिरतात. ताइशानवर चढायचंच असतं.

पायऱ्या किती, आणि गुडघे दुखत असतील तर?

सात हजारांच्या आसपास, मोजणाऱ्यागणिक आकडा बदलतो. लाल दरवाजातून सुरुवात, अर्ध्यावर मध्य स्वर्गद्वार, आणि मग शेवटचे 'अठरा वळसे', सोळाशेच्या वर पायऱ्या, अगदी उभ्या, दक्षिण स्वर्गद्वारापर्यंत. इ.स. 56 मध्ये ग्वांगवूबरोबर चढलेल्या एका अधिकाऱ्याने लिहिलंय की मागच्याला पुढच्याच्या चपलांचे तळवे दिसतात आणि पुढच्याला मागच्याची टाळू. पहाटे चारला मी जे बघत होतो ते हेच, फक्त तळव्यांवर स्पोर्ट्स शूजचे ब्रँड.

केबल कार 1983 पासून आहे. वरच्या स्टेशनसाठी चंद्रदर्शनाचं शिखर सुरुंग लावून फोडलं, तेव्हा पुष्कळ अभ्यासकांनी आरडाओरडा केला होता आणि मला त्यांचं पटतं. पण आईबाबांना मी तिनेच नेलं, खोटं कशाला बोलू. आई वर उतरली, आजीच्या देवळात गेली, भाषा येत नाही, पद्धत माहीत नाही, शेजारच्या बाईने तिच्या हातात आपल्यातल्या तीन उदबत्त्या दिल्या आणि कशा धरायच्या ते हाताने दाखवलं. काय मागितलंस विचारलं तर आईने सांगितलं नाही. रात्री चढणार असाल तर वर जाडा आर्मी कोट भाड्याने मिळतो, तो घ्याच, जूनमध्ये सुद्धा.